होडीत ते काय बोलले असतील?



बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही. दोन-तीन जणांनी विचारलं, एकाने तर आजारी आहात का असंही विचारलं. आजारी नव्हतो. मी सहलीला गेलो होतो, आणि तीही जहाजातून. हे लिहितानासुद्धा मला थोडं ओशाळल्यासारखं होतं. आमच्या जोयडा तालुक्यातला एक कॅटेकिस्ट, ज्याचं आयुष्य रामनगर ते कुंभारवाडा या रस्त्यावर मोटारसायकलच्या सीटवर गेलं, तो बायकोला घेऊन समुद्रातली बेटं बघायला गेला. पण त्या प्रवासात माझ्या हातून वर्षानुवर्षं सुटलेली एक गोष्ट मला सापडली, म्हणून सांगतो.

आमच्या लग्नाला या जानेवारीत पंचवीस वर्षं झाली. लग्नाचा रौप्यमहोत्सव आपल्याकडे कसा होतो ते तुम्हाला माहीतच आहे. आभाराची मिस्सा, मंडप, बँड, केक, तीनशे पाहुणे, आणि मग दोन वर्षं फेडायचं कर्ज. बेंगळुरूला नर्स असलेल्या आमच्या मुलीने यातलं काही होऊ द्यायचं नाही असं आधीच ठरवलं होतं. मिस्सा झाली, फादरांनी आम्हा दोघांच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला, घरच्या पंचवीस-तीस माणसांचं जेवण झालं, आणि संध्याकाळी तिने आईच्या हातात एक पाकीट ठेवलं. आत लक्षद्वीपच्या सहलीचं बुकिंग होतं. लक्षद्वीप प्रशासनाच्या पर्यटन संस्थेची ‘समुद्रम्’ नावाची सहल असते. कोचीहून ‘एम. व्ही. कवरत्ती’ हे प्रवासी जहाज निघतं, पाच दिवसांत तीन बेटं दाखवतं. रात्र जहाजावर, दिवस बेटावर.

मी पहिलं काय बोललो असेन? "एवढ्या पैशात आपल्या चॅपलचे पत्रे बदलून झाले असते."

मुलगी शांतपणे म्हणाली, "पप्पा, पत्र्यांना मी वेगळे देईन. हे मम्मीचे आहेत."

मला अजून बोलायचं होतं. गरिबांचा विषय काढायचा होता. पण तेवढ्यात योहानाच्या शुभवर्तमानातला बारावा अध्याय आठवला. बेथानीच्या घरी मरियेने येशूच्या पायांवर महागडं सुगंधी तेल ओतलं, तेव्हा हे विकून गरिबांना का दिलं नाही असं विचारणारा कोण होता, हे मी दरवर्षी पवित्र सप्ताहात मुलांना शिकवतो. मी गप्प बसलो. गावात मात्र एक-दोघांनी टोमणा मारलाच, "कॅटेकिस्ट आता क्रूझवर जायला लागले!" हसून घेतलं.

बायको मात्र हसली नाही. तिने नाही म्हटलं नाही, आणि हो पण म्हटलं नाही. मला वाटलं, पैशाची काळजी असेल.

इथे तिच्याबद्दल थोडं सांगायला हवं. ती मूळची सुप्याकडची. आमच्या भागाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: आज ज्याला जोयडा तालुका म्हणतात त्याचं जुनं नाव सुपा तालुका. काळी नदीच्या काठावर सुपा नावाचं गाव होतं, तेच तालुक्याचं ठिकाण. मग गणेशगुडीला १०१ मीटर उंचीचं धरण बांधलं, १९८७ मध्ये ते पुरं झालं, आणि सुपा गाव आजूबाजूच्या वाड्यांसकट पाण्याखाली गेलं. तालुक्याचं ठिकाण जोयड्याला आलं. उठवलेली पुष्कळ माणसं रामनगरला वसवली गेली. माझ्या सासरच्यांची वाडीही त्या पाण्यात गेली. तेव्हा ती पाच-सहा वर्षांची होती. सासऱ्यांनी घरातली वेदी, मरियामातेची तसबीर, दाराच्या चौकटीसुद्धा सोडवून आणल्या. अंगणातला चिऱ्याचा क्रूस तेवढा उचलता आला नाही. तो तिथेच राहिला.

हे सगळं मला लग्नापासून माहीत होतं. माहीत असणं आणि ऐकलेलं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला कळायला कोचीच्या पुढे समुद्रात जावं लागलं.

उपवासकाळ सुरू व्हायच्या आधी परत यायचं म्हणून फेब्रुवारीतली तारीख घेतली होती. लक्षद्वीपला जायला परवाना लागतो, त्याचे कागद मुलीनेच केले. रामनगरहून अनमोड घाट उतरून मडगाव, आणि मडगावहून कोचीची गाडी. गाडीचं नावच मंगला लक्षद्वीप एक्सप्रेस. "बघा, गाडीलाही ठाऊक आहे आपण कुठे चाललोय," मी म्हटलं. बायको खिडकीबाहेर बघत होती. कोचीत अर्धा दिवस मिळाला तेव्हा फोर्ट कोचीचं संत फ्रान्सिसचं चर्च पाहिलं. वास्को द गामा १५२४ मध्ये कोचीत वारला, त्याला आधी तिथे पुरलं होतं. पुढे त्याच्या अस्थी पोर्तुगालला नेल्या. मी हे सगळं तिला वाचून दाखवत होतो. कॅटेकिस्टची खोड! जिथे जाईल तिथे वर्ग भरवायचा.

शुक्रवारी जहाज सुटलं. सातशे प्रवासी मावतील एवढं मोठं. आम्हा पर्यटकांना दोन पलंगांची केबिन होती. पण जहाज काही पर्यटकांचं नव्हे, हे चढतानाच कळलं. खालच्या बंक वर्गात बेटांवरची माणसं होती. कोचीच्या इस्पितळातून परतणारा एक म्हातारा आणि त्याला धरून चालणारा मुलगा, कॉलेजची मुलं, तान्हं बाळ घेतलेली बाई, तांदळाची पोती, पंखे, सायकल. आपल्या हुबळी-दांडेली एसटीसारखंच, फक्त पाण्यावर. आमची चैन होती ती त्यांची रोजची वाट होती. हे पाहून मला उगाच थोडं हलकं वाटलं.

किनारा दिसेनासा झाला. रात्री केबिनमध्ये आम्ही दोघं समोरासमोर पलंगावर बसलो. खाली इंजिनाची घरघर. आणि मला जाणवलं की बोलायला काही नाही. मुलीबद्दल बोललो. मुलगा होस्टेलवर जेवतो की नाही, बोललो. पॅरिशबद्दल बोललो, मेणबत्त्यांचा हिशेब कुणाकडे दिलाय वगैरे. दहा मिनिटांत विषय संपले. पंचवीस वर्षांत अशी रात्र आलीच नव्हती, जिथे दार वाजणार नाही, फोन येणार नाही, कुणाच्या मयताला जायचं नाही. दर वर्षी मी विवाहपूर्व शिबिरात तरुण जोडप्यांपुढे उभा राहून नवरा-बायकोने एकमेकांशी रोज बोलावं यावर एक तास बोलतो. फळ्यावर मुद्दे लिहितो. त्या रात्री त्यातला एकही मुद्दा उपयोगी पडला नाही.

मग मी काय केलं? पिशवीतून वही काढली आणि उपवासकाळातल्या प्रवचनांची टिपणं काढायला बसलो.

तिने एकदा बघितलं, भिंतीकडे तोंड केलं आणि झोपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कल्पेनी बेट आलं. इथे एक गोष्ट आधी कुणी सांगितली नव्हती. ही बेटं प्रवाळाची आहेत. बेटाभोवती प्रवाळाची कड असते, तिच्या आत उथळ, शांत पाणी, त्याला लगून म्हणतात. मोठं जहाज आत जाऊ शकत नाही. ते बाहेर खोल समुद्रात उभं राहतं, बेटावरून लहान होड्या येतात, जहाजाच्या कुशीला एक दार उघडतं, आणि त्या दारातून तुम्ही होडीत उतरायचं. होडी लाटेबरोबर वर येते, खाली जाते. वर आली की पाय टाकायचा. चुकलं तर मधे पाणी.

बायको दारापाशी थबकली. मागे रांग. मी "अगं चल, काही होत नाही" म्हणून घाई करत होतो, मला मागच्या लोकांची लाज वाटत होती. होडीतल्या खलाशाने तिच्याकडे पाहिलं. दाढी पांढरी, डोक्याला रुमाल. त्याने मला हाताने थांबवलं आणि तिच्याकडे दोन्ही हात पुढे केले. मल्याळममध्ये काहीतरी हळू बोलला. एक लाट गेली, त्याने मान हलवून नाही सांगितलं. दुसरी गेली, नाही. तिसऱ्या लाटेला त्याने तिचे दोन्ही मनगट धरले आणि ती होडीत होती. तिच्या हाताला घाम सुटला होता. पंचवीस वर्षांत तिला पाण्याची भीती वाटते हे मला ठाऊक नव्हतं. त्या माणसाला एका नजरेत कळलं.

संत पौलाचं जहाज फुटलं तेव्हा मेलिता बेटावरच्या अनोळखी लोकांनी त्याला कसं सांभाळलं, पावसाथंडीत शेकोटी कशी पेटवली, हे प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात आहे. ते लोक त्याच्या धर्माचे नव्हते. लक्षद्वीपमध्ये जवळजवळ सगळी वस्ती मुसलमानांची आहे. पाच दिवसांत आम्हाला जे भेटले ते त्या मेलिताच्या माणसांसारखेच भेटले. याहून जास्त यावर लिहीत नाही, कारण आजकाल कोण कशाचा काय अर्थ काढील सांगता येत नाही. पण त्या खलाशासाठी मी प्रार्थना करतो.

कल्पेनीला तळाला काच बसवलेली होडी असते. लगूनमध्ये फिरवतात आणि काचेतून खालचं दिसतं. निळे, पिवळे मासे, मेंदूच्या आकाराचं पोवळं, हरणाच्या शिंगांसारखं पोवळं. होडीवाल्याने सांगितलं, १८४७ मध्ये मोठं वादळ आलं, समुद्र बेटावर चढला, आणि तेव्हा लाटांनी वर फेकलेले पोवळ्यांचे ढीग अजून बेटाच्या पूर्वेला पडून आहेत. त्याला हिंदी बरं येत होतं. सगळे पर्यटक मोबाईल काचेला लावून फोटो काढत होते. मीही काढत होतो. मध्येच बाजूला बघितलं तर बायको काचेवर वाकलेली, पदर तोंडाशी, आणि रडत होती.

मला वाटलं, बोट लागली. "उलटी होतेय का?" विचारलं.

ती म्हणाली, "किती स्वच्छ दिसतंय. तळापर्यंत."

मग थोड्या वेळाने म्हणाली, "आमचंही असंच दिसलं असतं तर."

बाकी लोक होते म्हणून मी काही बोललो नाही. किनाऱ्यावर माडाच्या सावलीत बसल्यावर तिने सांगितलं. लहानपणी तिला वाटायचं, घर खाली जसंच्या तसं आहे. चूल आहे, माळा आहे, अंगणात क्रूस आहे, त्यावर कुणी फुलं घालत नाही एवढंच. शाळेत असताना ती कधी धरणाच्या पाण्याकडे बघायची नाही, बसमध्ये दुसऱ्या बाजूला बसायची. तिचे वडील मात्र उन्हाळ्यात पाणी उतरलं की एकटेच तिकडे जायचे, कुणाला न सांगता. ते गेल्यावर (त्यालाही आता बारा वर्षं झाली) तिला वाटायला लागलं की आपणही एकदा जाऊन यावं.

"तुम्हाला मी सांगितलं होतं," ती म्हणाली. "दर मे महिन्यात सांगायचे."

आणि मला आठवलं. खरंच सांगायची. "या मे मध्ये एकदा सुप्याकडे जाऊन येऊ या का?" असं म्हणायची, भाकरी थापता थापता, सहज म्हटल्यासारखं. आणि मे महिना म्हणजे पहिल्या कम्युनियनच्या मुलांची तयारी, मरियेच्या महिन्याची रोझरी, वाड्यावाड्यांवर जाणं. मी म्हणायचो, "बघू, पावसाआधी." मग पाऊस यायचा, आणि आमच्याकडे पाऊस आला म्हणजे आला. गेली चार-पाच वर्षं तिने विचारणंच सोडलं होतं. ते सोडल्याचंही माझ्या लक्षात आलं नव्हतं.

ती रागावली नव्हती, भांडलीही नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. "तुमचं काम देवाचं," एवढंच म्हणाली. हे वाक्य ती पूर्वीही म्हणायची आणि मला त्यात कौतुक ऐकू यायचं.

दुसरा दिवस रविवार. मिनिकॉय बेट. लक्षद्वीपच्या ३६ बेटांपैकी दहांवरच वस्ती आहे, त्यात हे अगदी दक्षिणेचं, मालदीवच्या जवळचं. इथली भाषा वेगळी, महल नावाची, उजवीकडून डावीकडे लिहितात. माणसं आपल्या बेटाला मलिकू म्हणतात. जेवणात ट्यूना मासा. हा मासा ते जाळ्याने नाही, काठी आणि गळाने एकेक करून पकडतात, उकडून, धुरी देऊन, वाळवून ठेवतात. बायकोने त्याची पूर्ण कृती विचारून घेतली, खुणांनी. इथे ती पहिल्यांदा मोकळी हसली. इंग्रजांनी १८८५ मध्ये बांधलेलं उंच दीपगृह आहे. वर चढून गेलो. एका बाजूला लगूनचा हिरवा रंग, दुसऱ्या बाजूला खोल समुद्राचा काळसर निळा, आणि मधे ही एवढीशी लांबट जमीन. सगळ्या लक्षद्वीपची मिळून जमीन ३२ चौरस किलोमीटर. आमच्या जोयडा तालुक्यात असली कितीतरी लक्षद्वीपं मावतील. अशा ठिकाणी माणसं शेकडो वर्षं समुद्रावर विश्वास टाकून राहिली आहेत.

पण मला सकाळपासून एक रुखरुख होती. रविवार असून मिस्सा नाही. कॅटेकिस्ट झाल्यापासून तापात पडलो होतो तेवढे दोन रविवार सोडले तर माझी रविवारची मिस्सा चुकलेली नाही. चर्चचा कायदा मला पाठ आहे: कॅनन १२४८. धर्मगुरू नसतील किंवा दुसरं गंभीर कारण असेल आणि मिस्साबलीत भाग घेणं अशक्य असेल, तर वचनविधीत भाग घ्यावा, किंवा एकट्याने वा कुटुंबाने मिळून काही वेळ प्रार्थना करावी. वाड्यांवर फादर पोहोचत नाहीत तेव्हा हाच नियम सांगून मी वचनविधी घेतो. तेव्हा दुपारी दीपगृहाच्या खाली, माडांच्या सावलीत मी खिशातला नवा करार काढला आणि सवयीप्रमाणे उभा राहून सुरुवात करणार, तर ती म्हणाली, "बसा ना. दोघंच तर आहोत."

बसलो.

"आज मी काढते वाचन," ती म्हणाली.

एवढ्या वर्षांत वाचन कुठलं घ्यायचं हे तिने कधी ठरवलं नव्हतं. तिने पानं चाळली आणि संत मार्कच्या शुभवर्तमानातला सहावा अध्याय काढला, तिसाव्या ओवीपासून. हे का निवडलं विचारलं, तर म्हणाली, "यात होडी आहे."

तुम्हाला प्रसंग माहीत आहे. येशूने शिष्यांना दोघादोघांनी पाठवलं होतं. ते परत आलेत, आपण काय काय केलं, काय शिकवलं ते त्याला सांगताहेत. आणि माणसांची एवढी रीघ की त्यांना घास घ्यायलाही उसंत नाही. तेव्हा येशू त्यांना म्हणतो की आपण बाजूला, कुणी नसेल अशा जागी जाऊ आणि जरा विसावू. आणि ते होडीत बसून निघतात. लोक काठाकाठाने धावत त्यांच्या आधी तिथे पोहोचतात. येशू उतरतो, गर्दी पाहतो, त्याला त्यांचा कळवळा येतो, मेंढपाळ नसलेल्या मेंढरांसारखी ती त्याला दिसतात, आणि तो त्यांना शिकवू लागतो. पुढे पाच भाकरी आणि दोन मासे.

या उताऱ्यावर मी किती वेळा बोललो असेन! प्रत्येक वेळी एकच मुद्दा: बघा, प्रभूने विश्रांती सोडली, लोकांची सेवा केली. सेवकाला सुट्टी नसते. मी हे स्वतःला सांगायचो आणि ते माझ्या फार सोयीचं होतं.

तिने वाचून पुस्तक मिटलं. थोडा वेळ समुद्राकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मग होडीत ते काय बोलले असतील?"

मी म्हटलं, "ते लिहिलेलं नाही."

"लिहिलेलं नाही म्हणून काही बोललेच नसतील का? तो त्यांना चला म्हणाला होता. लोक आले ते नंतर. होडीतला वेळ तर त्यांचाच होता ना."

मी बीए झालो आहे, मग कॅटेकिस्टचं शिक्षण घेतलं, बायबलवरच्या दोन-तीन शिबिरांची प्रमाणपत्रं भिंतीवर आहेत. मला कधी हा प्रश्न पडला नव्हता. मी त्या उताऱ्यात नेहमी काठावरच उतरत आलो होतो. गालीलाचं सरोवर काही फार मोठं नाही, जास्तीत जास्त एकवीस किलोमीटर लांब आणि तेरा रुंद. होडीचा प्रवास एक तास, दोन तास. पण तेवढा वेळ येशूने त्यांना दिला. दमून आलेल्यांना विसाव्याला चला असं म्हणणारा तोच होता, आणि गर्दी बघून कळवळणाराही तोच. मी त्यातलं पहिलं ऐकलंच नव्हतं. आणि दुसऱ्याच्या नावाखाली माझ्या घरातलं एक माणूस वर्षानुवर्षं काठावर उभं ठेवलं होतं, जे माझ्याकडे दर मे महिन्यात फक्त एक दिवस मागत होतं.

हे सगळं मी तिला तिथे बोललो नाही. मला जमलं नाही. "मला माफ कर," एवढं म्हटलं. ती म्हणाली, "आमच्या बापा म्हणू या," आणि आम्ही म्हटलं. इतरांना क्षमा करण्याची ओळ आली तेव्हा तिचा आवाज जरासा थांबला, मग पुढे गेला. जवळून दोन शाळकरी मुलं सायकलवरून गेली, आमच्याकडे बघून हात हलवला.

होडीत परत चढताना तिने खलाशाचा हात धरला, पण डोळे मिटले नाहीत.

सोमवारचं कवरत्ती थोडक्यात सांगतो. ही राजधानी. उज्रा मशिदीचं लाकडी कोरीवकाम पाहण्यासारखं आहे. आणखी एक गोष्ट मला फार भावली: समुद्राच्या पाण्यापासून पिण्याचं पाणी करणारा कारखाना तिथे २००५ पासून आहे, दिवसाला एक लाख लिटरचा. खोल समुद्रातल्या थंड पाण्याचा आणि वरच्या कोमट पाण्याचा उपयोग करून वाफ करतात आणि थंडावतात. चारी बाजूंनी पाणी आणि प्यायला नाही, अशी त्यांची अडचण होती. आमच्याकडे धरण भरलेलं असतं आणि उन्हाळ्यात कितीतरी वाड्यांवरच्या बायका हंडे घेऊन ओढ्यात झरा शोधत असतात. बायको म्हणाली, "यांच्यातल्या कुणाला तरी आपल्याकडे बोलवायला हवं." शेवटच्या रात्री आम्ही डेकवर बसलो. वही मी पिशवीतच ठेवली होती. ती बोलत होती आणि मी ऐकत होतो. कधी कधी दोघं गप्प होतो, पण पहिल्या रात्रीसारखे नाही.

परत आल्यावर उपवासकाळ, पवित्र सप्ताह, पुनरुत्थानाचा सण. सगळं नेहमीसारखं, नेहमीचीच धावपळ. मी एकदम बदललो असं काही सांगणार नाही. घरचे हे वाचतात. पण एप्रिलमध्येच फादरांना सांगून ठेवलं की मे महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी मी नाही. त्यांनी कारण विचारलं. सांगितल्यावर म्हणाले, "एवढी वर्षं का नाही गेलात?" कम्युनियनचा वर्ग सिस्टरांनी घेतला. मुलांना म्हणे फार आवडला. माझ्यापेक्षा जास्त.

आम्ही सकाळी निघालो. तिचा एक चुलतभाऊ बरोबर आला होता, वयाने मोठा, त्याला जुन्या वाटा आठवतात. रस्ता संपल्यावर पाऊण तास चालणं. मग झाडी विरळ झाली, आणि समोर पाणी. पाणी बरंच खाली गेलेलं, काठाला तांबडा, भेगाळलेला चिखल, आणि पाण्यातून वर आलेले वाळक्या झाडांचे बुंधे, काळे, फांद्यांशिवाय. चुलतभावाने समोरच्या डोंगराचा खांदा दाखवला. त्या खांद्याच्या सरळ खाली, म्हणाला, आणि हा जो दुहेरी बुंधा दिसतो त्याच्या जरा डावीकडे. तिथे वाडी.

तिथेही पाणीच होतं. क्रूस वर आला नव्हता. मला वाईट वाटलं; मनात कुठेतरी मी धरून चाललो होतो की दिसेल. तिला तसं काही वाटलेलं दिसलं नाही. तिने घरून आणलेली अबोलीची वेणी काढली, चिखलात घोट्यापर्यंत जाऊन पाण्यात सोडली. पाणी ढवळ होतं, बोटभरही आतलं दिसत नव्हतं. कल्पेनीसारखं नव्हतंच. ती तिथेच उभी राहिली. मी जवळ जाऊन उभा राहिलो, माझे जोडे चिखलात गेले. मृतांसाठीची प्रार्थना मला येते, पण मी सुरू केली नाही. तिने केली तेव्हा तिच्यामागून म्हटली.

मग आम्ही करवंदीच्या जाळीपाशी सावलीत बसलो. चुलतभाऊ पलीकडे जाऊन आडवा झाला. तिने डबा उघडला. नाचणीची भाकरी, सुक्या बांगड्याची चटणी. आणि ती सांगायला लागली: आजोबांच्या म्हशी, पाणी चढत होतं तेव्हा त्यातली एक परत परत जुन्या गोठ्याकडे कशी पळायची, आणि शेवटी तिला आणायला कोण गेलं. हे मी पूर्वी कधी ऐकलं नव्हतं.

तासाभराने सवयीने मी मोबाईल काढून बघितला. रेंज नव्हती. तिने माझ्या हाताकडे बघितलं, दुसरी भाकरी माझ्यापुढे केली आणि म्हशीचं पुढे सांगायला लागली.